दुचाकी शिकताय? मग ब्रेक, वळण आणि हेल्मेटमागचं गणितही शिकून घ्या

लर्निंग लायसन्स हातात आलं की घरातून, गल्लीतून सल्ले सुरू होतात. त्यातला एक सल्ला महाराष्ट्रात जवळपास प्रत्येकाने ऐकलेला असतो: ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील.’ हा सल्ला चुकीचा आहे. का चुकीचा आहे, हे समजायला नववीच्या विज्ञानातलं गतीच्या नियमांचं प्रकरण पुरेसं आहे. बल, त्वरण, संवेग, आवेग हे शब्द परीक्षा संपली की आपण वहीत मिटून टाकतो. पण गाडीवर बसल्यावर प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणावर त्यांचाच संबंध येतो. गाडी नव्याने शिकणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने मांडतो आहे. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर जवळ असू द्या. आकडे स्वतः करून पाहिलेत तरच ते गाडीवर आठवतील.

सगळीकडे एकच उदाहरण वापरू: ११० किलोची स्कूटर आणि ६० किलोचा चालक. एकूण १७० किलो.

पहिली पायरी: वेग सेकंदात मोजायला शिका

स्पीडोमीटर ताशी किलोमीटर दाखवतो, पण रस्त्यावर जे काही घडतं ते एक-दोन सेकंदांत घडतं. म्हणून ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायचं, म्हणजे दर सेकंदाला किती मीटर ते मिळतं. रोज भागाकार करत बसायची गरज नाही, तीन जोड्या पाठ करा. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, ५४ म्हणजे १५ आणि ७२ म्हणजे २०.

आपली एसटी बस साधारण ११-१२ मीटर लांब असते. ताशी ५४ ने जाताना खिशातल्या फोनची रिंग वाजली म्हणून एक सेकंद खाली पाहिलंत, तर तेवढ्यात एका एसटीच्या लांबीपेक्षा जास्त रस्ता तुम्ही न बघता पार केलेला असतो.

दुसरी पायरी: त्वरण अंगाला जाणवतं, वेग जाणवत नाही

मोकळा रस्ता बघून कुणाला तरी बाजूला उभं करा, ताशी ३६ झाले की हॉर्न वाजवा आणि शून्यापासून तिथपर्यंत किती वेळ लागतो ते त्याला स्टॉपवॉचवर बघायला सांगा. समजा ४ सेकंद लागले. सेकंदाला १० मीटरचा वेग ४ सेकंदांत मिळाला, म्हणजे दर सेकंदाला वेग अडीच मीटरने वाढला. हे त्वरण. ब्रेक लावल्यावर वेग कमी होतो तेही त्वरणच, फक्त उलट दिशेचं. आणि काटा एकाच आकड्यावर ठेवून वळण घेतलंत तरी दिशा बदलते म्हणून तिथेही त्वरण असतं. वळणाकडे पुढे येऊच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना त्वरण शून्य असतं आणि शरीराला काहीच जाणवत नाही, मग वेग ३० असो की ८०. मागे ओढलं जाणं, पुढे फेकलं जाणं हे सगळं वेग बदलताना होतं. म्हणूनच हायवेवर तासभर ७० ने आल्यावर गावात शिरताना ५० सुद्धा रेंगाळल्यासारखे वाटतात. अशा वेळी स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका, काट्याकडे बघा.

तिसरी पायरी: गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या नियमांपैकी दुसरा सांगतो की बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. १७० गुणिले २.५, म्हणजे ४२५ न्यूटन. एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार, तेव्हा ४२५ न्यूटन म्हणजे ४३ किलोचा जोर झाला.

हा जोर कुणी लावला? इंजिनने, असं पटकन तोंडात येतं. पण इंजिन फक्त चाक फिरवतं. फिरणारं टायर रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता टायरला तेवढ्याच जोराने पुढे ढकलतो, हा तिसरा नियम. गाडी पुढे जाते ती रस्त्याच्या ढकलण्यामुळे, घर्षणामुळे. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा इंजिन पूर्ण जोरात असतं. रस्ता मात्र काहीच परत देत नाही.

ब्रेकचंही तसंच. ब्रेक चाकाला आवळतो, पण गाडीला थांबवतो रस्ताच. टायर रस्त्याला टेकतं तो भाग तळहाताएवढा असतो, आणि पुढच्या-मागच्या मिळून अशा दोन तळहातांवर सगळा कारभार चालतो. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर वेग कमी करण्याचा दर सेकंदाला साधारण ७ मीटरपर्यंत जाऊ शकतो. ओल्या रस्त्यावर तो ४ च्या आसपास येतो आणि वाळूवर किंवा सुट्या खडीवर त्याहून खाली. शिकाऊ माणसाच्या हातून कोरड्या रस्त्यावरही ५ मिळाले तरी पुष्कळ, म्हणून पुढची गणितं मी ५ धरूनच केली आहेत.

रस्त्याची पकड कुठे जाते ते आपल्याकडच्या रस्त्यांवर ओळखायला शिका. पहिल्या पावसात, कारण सहा-आठ महिन्यांचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी मॅनहोलची झाकणं ओली असताना. साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून आणलेला चिखल. कोकणात भर पावसात झाडाखालच्या सावलीत धरलेलं शेवाळ. बांधकामाच्या साइटसमोर पसरलेली वाळू. या जागा लांबूनच हेरून तिथे पोहोचायच्या आधी वेग कमी करायचा; त्यांच्यावर असताना ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडल यांपैकी कशालाच झटका द्यायचा नाही.

चौथी पायरी: पुढच्या ब्रेकची भीती घालवा

गाडी उभी असताना स्कूटरचा भार मागच्या चाकावर थोडा जास्त असतो. आपल्या १७० किलोपैकी समजा ७५ पुढे आणि ९५ मागे. आता ब्रेक लावा. थांबवणारं बल लागतं जमिनीपाशी, टायरच्या तळाशी. वजनाचा मध्य मात्र जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर वर असतो. त्यामुळे गाडी पुढे झुकू पाहते आणि भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. किती सरकतो तेही काढता येतं: वस्तुमान गुणिले त्वरण, गुणिले ही उंची, भागिले दोन चाकांमधलं अंतर. स्कूटरला ते अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं. १७० × ५ × ०.६ ÷ १.२५ म्हणजे ४०८ न्यूटन, साधारण ४१ किलो.

म्हणजे जोरात ब्रेक लागलेला असताना पुढच्या चाकावर ११६ किलो आहेत आणि मागच्यावर फक्त ५४. ज्या चाकावर भार जास्त त्याची रस्त्यावरची पकड जास्त. थांबवायची बहुतेक ताकद अशा वेळी पुढच्या चाकात असते, आणि ‘पुढचा दाबू नकोस’ या सल्ल्यामुळे माणूस नेमकी तीच ताकद सोडून देतो. मागचा एकटाच दाबला की हलकं झालेलं मागचं चाक पटकन लॉक होतं, घसरत बाजूला येतं आणि गाडी आडवी होते.

मग लोक पुढच्या ब्रेकने पडतात ते का? कारण ते तो एकदम आवळतात. भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. तो सरकायच्या आत ब्रेक गच्च बसला तर ७५ किलोच्याच भाराखाली असलेलं पुढचं चाक अडकून घसरतं. हँडल वळलेलं असताना किंवा खाली वाळू असताना तर हमखास. म्हणून पद्धत अशी: अ‍ॅक्सिलरेटर सोडा, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हलकेच लावायला घ्या, पुढचं सस्पेन्शन दबलं हे हाताला जाणवलं की मग पुढच्यावरचा जोर वाढवत न्या. लिंबू पिळतो तसा दाब वाढत गेला पाहिजे. हँडल सरळ, नजर लांब, कोपर किंचित वाकलेले.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. कॉम्बी ब्रेकमध्ये एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही, कारण फिरत्या टायरची पकड घसरणाऱ्या टायरपेक्षा जास्त असते आणि फिरत्या पुढच्या चाकानेच गाडी वळवता येते. सेकंडहँड गाडी घेणार असाल तर यातलं काय आहे, की काहीच नाही, हे आधी विचारून घ्या.

पाचवी पायरी: थांबायला लागणारं अंतर

हे अंतर दोन तुकड्यांचं असतं. समोर काहीतरी आलंय हे दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत गाडी पूर्ण वेगाने जातच असते. सावध माणसाचा हा वेळ १ सेकंद धरू. त्यानंतर ब्रेकखालचं अंतर: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट.

ताशी ३६ ला पहिला तुकडा १० मीटर आणि दुसरा १०० ÷ १० म्हणजे १० मीटर. एकूण २०.

ताशी ७२ ला पहिला तुकडा २० मीटर आणि दुसरा ४०० ÷ १० म्हणजे ४० मीटर. एकूण ६०, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या पाच एसटी.

आता हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून बघा. गल्लीतून एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आलं. ताशी ३६ वाला २० मीटरवर पूर्ण थांबला. ताशी ७२ वाला त्याच २० मीटरच्या खुणेवर येतो तेव्हा त्याचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात झालेली असते. तिथे त्याचा वेग अजून ७२ च आहे. वेग दुप्पट केला की धोका दुप्पट होतो असं आपण मनात धरून चालतो. या उदाहरणात पहिल्याने मुलाला स्पर्शही केला नाही आणि दुसऱ्याने पूर्ण वेगात धडक दिली. मला या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचा आकडा माहीत नाही.

ओल्या रस्त्यावर शिकाऊ माणसासाठी त्वरण ३ धरा. ३६ ला २७ मीटर लागतील, ७२ ला जवळपास ८७.

गाडीवर बसून हे गुणाकार करत बसायचे नसतात. त्यासाठी सोपा उपाय आहे. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायला लागा. ‘एकशे दोन’ पूर्ण व्हायच्या आत तुम्हीही तिथे पोहोचलात तर अंतर कमी आहे, मागे या. पावसात ‘एकशे चार’पर्यंत थांबा.

सहावी पायरी: वळणाआधीच वेग उतरवा

वळणाचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. २० मीटर त्रिज्येचं, घाटात सर्रास भेटतं तसलं वळण ताशी ३६ ने घेतलं तर १०० ÷ २० म्हणजे ५. ब्रेकच्या हिशेबात आपण धरलेले सगळे ५ वळण घेण्यातच संपले. रस्त्याची पकड ही एकाच पगारासारखी आहे. वळणावर खर्च केली की ब्रेकसाठी उरत नाही. म्हणून वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक मारणारे पडतात. वेग सरळ रस्त्यावर असतानाच उतरवायचा, वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा.

घाट उतरताना आणखी एक गोष्ट येते. चढ-उतार डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण त्याचं बल किरकोळ नसतं. कसारा आणि कर्जत–लोणावळा या रेल्वेच्या घाटांत ३७ मीटरला १ मीटर एवढाच चढ आहे, तरी तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. १,००० टनांच्या गाडीला तो उतार २७ टन वजनाएवढ्या जोराने मागे ओढत असतो. रस्त्यांचे घाट तर याहून बरेच तीव्र असतात. पेट्रोल वाचतं म्हणून आंबेनळी किंवा ताम्हिणी न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं. इंजिन सोडून दिलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, तो तापतो आणि तापलेला ब्रेक कमी धरतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. स्कूटर असेल तर इंजिन बंद करू नका आणि ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी मधूनमधून लावून सोडत चला.

सातवी पायरी: ट्रकसमोर संवेगाचा हिशेब

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ताशी ३६ ने जाणाऱ्या आपल्या स्कूटरचा संवेग १७० × १० म्हणजे १,७००. त्याच वेगाने समोरून येणाऱ्या १६ टनांच्या ट्रकचा १,६०,०००. टक्कर होते तेव्हा दोघांचा मिळून संवेग तेवढाच राहतो. दोन्ही एकमेकांत अडकून पुढे गेले असं धरलं तर १,५८,३०० भागिले १६,१७०, म्हणजे दोघांचा मिळून वेग सेकंदाला ९.७९ मीटर, ट्रकच्या दिशेने.

ट्रकचा वेग ०.२१ मीटरने बदलला. स्कूटरस्वाराचा १९.७९ मीटरने, तोही उलट दिशेला. दोघांवरचं बल अगदी सारखं होतं, तिसरा नियम कुणालाच सूट देत नाही. पण त्याच बलाने एकाला जेमतेम हिसका बसला आणि दुसऱ्याचं जे व्हायचं ते झालं. ओव्हरटेक करायचं की नाही अशी शंका आली तर हे दोन आकडे आठवा. चूक ट्रकवाल्याची असली तरी आकडे बदलत नाहीत.

आठवी पायरी: हेल्मेट वेळ मिळवून देतं

संवेगात होणारा बदल म्हणजे आवेग, आणि आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. पडलेल्या माणसाचा संवेग शून्य होणारच, त्यात काही सुटका नाही. प्रश्न एवढाच की तो किती वेळात शून्य होतो. वेळ पाचपट झाला की बल पाचवा हिस्सा होतं.

उभ्या स्कूटरवरून तोल जाऊन पडण्याचं उदाहरण घ्या, वेग शून्य. डोकं दीड मीटर उंचीवरून खाली येतं आणि जमिनीला भिडताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किमीच्या वर गेलेला असतो. डोक्याचं वस्तुमान साधारण ५ किलो. डांबराला थेट आपटलं आणि समजा ५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बल १४,७०० न्यूटन, म्हणजे दीड टनाचा भार. हेल्मेटमधल्या थर्माकोलने २५ मिलिमीटर दबून डोक्याला थांबायला जागा दिली, तर २,९४० न्यूटन. पहिल्या वेळी थांबायला दोन मिलिसेकंदांहूनही कमी लागले, दुसऱ्या वेळी नऊ. या सात मिलिसेकंदांसाठीच हेल्मेट घालायचं असतं. ‘गल्लीतच तर जायचंय’ म्हणणाऱ्यांनी पुन्हा एकदा बघावं की या गणितात गाडी उभी होती.

यातूनच हेल्मेट कसं निवडायचं तेही कळतं. वाचवतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. बाहेरचं कवच धक्का पसरवतं आणि डोकं रस्त्यावर घसरू देतं. फुटपाथवर मिळणारी पातळ, आत नुसता स्पंज असलेली टोपी पोलिसांपुरती असते. आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहा; १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी दुसरं हेल्मेट विकायला परवानगीच नाही. डोक्यावर घालून हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. पट्टा लावाच, नाहीतर पहिल्या धक्क्याला ते उडून जाईल आणि दुसरा धक्का उघड्या डोक्याला बसेल. एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो परत फुगत नाही. ते टाकून द्या.

मागे बसणारे आणि पुढे उभी असलेली लहान मुलं

पायरी म्हणून याला वेगळा नंबर देत नाही, कारण वरचंच गणित इथे लागू होतं. पण लोकांना ते सर्वांत कमी पटतं.

स्कूटरच्या फूटबोर्डवर उभं केलेलं १५ किलोचं मूल. साध्या ब्रेकला, त्वरण ५ असताना, त्याला धरून ठेवायला ७५ न्यूटन लागतात, म्हणजे साडेसात किलो. चालकाचे दोन्ही हात हँडलवर असताना हेसुद्धा सोपं नाही. आता ताशी ३६ ने धडक बसून गाडी ०.१ सेकंदात थांबली असं धरा. १५ × १० ÷ ०.१ म्हणजे १,५०० न्यूटन, दीडशे किलो. कुणाच्याही आईवडिलांच्या दंडात ते बळ नसतं, माया कितीही असली तरी. केंद्राच्या २०२२ च्या नियमाने चार वर्षांखालच्या मुलांना चालकाशी बांधणारा हार्नेस, त्यांतल्या नऊ महिन्यांवरच्यांना मापाचं हेल्मेट आणि गाडीला ताशी ४० ची वेगमर्यादा सक्तीची केली ती यासाठीच.

मागे बसलेल्या माणसालाही हाच नियम लागू. ब्रेक लागतो गाडीला. मागचा माणूस पहिल्याच वेगाने पुढे येत राहतो आणि तुमच्या पाठीवर येतो, त्याचा जोर तुमच्या मनगटांतून हँडलवर जातो. म्हणून त्यांना आधी सांगा की मागची दांडी एका हाताने धरून ठेवायची. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईंना सावरायला अर्धीच जागा असते, तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं बरं. पदर, ओढणी आवळून घ्यायला सांगा. आणि मागे कुणी असेल तेव्हा ब्रेक नेहमीपेक्षा आधी, सावकाश लावायला घ्या.

मैदानावरचा सराव

रविवारी सकाळी एमआयडीसीतला एखादा रिकामा, कोरडा डांबरी रस्ता गाठा. सोबत एक माणूस, खडूचा तुकडा आणि मोजपट्टी. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचं जाकीट. रस्त्यावर खडूने एक रेघ मारा. ताशी २० ने येऊन रेघेपाशी वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही ब्रेक लावा आणि थांबलात तिथपर्यंतचं अंतर मोजा. त्वरण ५ जमलं तर ते ३ मीटरच्या आसपास येईल. तीनचार वेळा केल्यावर ३० ने आणि मग ४० ने करा. ४० ला १२ मीटरच्या आसपास यायला हवं, म्हणजे चौपट. तुमचे आकडे जास्त आले तर तुम्ही ब्रेक पुरेसा वापरत नाही आहात. मागचं चाक घसरल्याची काळी रेघ रस्त्यावर उमटली तर मागचा जास्त आणि पुढचा कमी लागतोय.

यात तुम्ही ठरवून रेघेवर ब्रेक लावता, म्हणून विचाराचा तो एक सेकंद यात धरलेला नाही. तो मोजायचा तर सोबतच्या माणसाला बाजूला उभं करा आणि त्याने कधीही हात वर करावा असं सांगा. हात वर झाला त्या क्षणी तुमचं पुढचं चाक जिथे होतं तिथे त्याने लगेच खूण करायची आणि अंतर तिथून मोजायचं. ४० च्या वेगाला आता १२ ऐवजी २०-२३ मीटर भरतील. रस्ता ओला असताना हाच सराव फक्त २० च्या वेगाने करा, तोही कोरड्यावर हात बसल्यानंतर.